भाकड म्हशीचा हिशेब

शहरातील गृहस्थास दुधाचा भाव पाठ असतो. सामिष घरांतून मांसाचा भावही तितकाच परिचित असतो. दोन पैसे वाढले की त्याची चर्चा जिन्यावर होते, गाडीत होते आणि वर्तमानपत्रांतही होते. परंतु ज्या जनावरापासून हे दोन्ही पदार्थ मिळतात, त्या जनावराचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब कोणी मांडून पाहिला आहे काय, असे विचारले तर बहुधा नकारार्थीच उत्तर येईल. मालक स्वतः आपला माल गिऱ्हाइकाच्या दारी आणतो, मध्ये अडत्या नाही, दलाल नाही. अशा व्यवहारात भाव कसा ठरावा, हा प्रश्न दिसण्यात सोपा आहे. मुंबई शहर आणि त्याच्या उत्तरेचा वसई प्रांत यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे तो किती कठीण आहे हे ध्यानात येते. आज त्याच इतिहासाची थोडी उजळणी करावयाची आहे.

श्रोतेहो, त्यासाठी प्रथम कामण या गावी चलावे. वसईच्या पूर्वेस, चिंचोटीहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तुंगारेश्वर आणि कामणदुर्ग या डोंगरांच्या कुशीत हे गाव वसले आहे. वसई तालुक्याचे निसर्गतःच दोन भाग पडतात. पश्चिमेस समुद्रालगत विहिरींचे पाणी, केळी, भाजीपाला, फुले आणि पानमळे यांची बागायत. आगाशीची सुकेळी तर सर्वश्रुतच आहेत. पूर्वेस मात्र भातखाचरे, माळरान, रान आणि गवत. कामण हे या दुसऱ्या, गवताच्या भागातले गाव. गाडीघोड्यांच्या काळी मुंबईस जितकी धान्याची गरज होती, जवळजवळ तितकीच गवताची होती. घोडे, बैल आणि दुभती जनावरे शहरात हजारोंनी बांधलेली असत आणि त्यांच्यासाठी जुन्या ठाणे जिल्ह्यातून गवताच्या दाबलेल्या गाठी रवाना होत.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते मुंबईचे बॅकबे स्टेशन अशी पहिली नित्याची गाडी सुरू झाली. सकाळी शहराकडे एक आणि सायंकाळी परत एक, एवढाच तिचा विस्तार. परंतु त्या एका गाडीने वसईच्या शेतकऱ्यास शहराच्या उंबरठ्यावर नेऊन उभे केले. भाजीच्या पाट्या, केळीचे घड आणि दुधाच्या किटल्या घेऊन वसईकर स्वतः गिऱ्हाइकाच्या दारी जाऊ लागला. येथे रोजचा रतीब होता, तोंडओळख होती आणि भाव समोरासमोर बोलून ठरत होता.

या वसईकर दूधवाल्याचा प्रतिस्पर्धी मात्र शहरातच बसलेला होता, तो म्हणजे मुंबईचा तबेलेवाला. त्याच्या धंद्याची रीत अगदी निराळी होती. तो म्हैस पाळत नसे, म्हैस वापरत असे. गुजरातेतून अथवा पंजाबकडून नुकतीच व्यालेली उत्तम म्हैस आगगाडीने आणावयाची, तिला तबेल्यात बांधून सरकी आणि पेंड घालावयाची, आणि आठ-दहा महिने दूध काढावयाचे. दूध आटले की ती भाकड म्हैस खाटकास विकून तिच्या खुंट्यावर दुसरी ताजी व्यालेली म्हैस बांधावयाची. पारडू जगवणे त्यास परवडत नसे. कारण पारडाच्या तोंडी जाणारे दूध म्हणजे त्याच्या दृष्टीने गिऱ्हाइकाच्या भांड्यातून गेलेले दूध. तेव्हा चार-पाच वेते सहज देऊ शकली असती अशी म्हैस एका वेतानंतर कत्तलखान्याची वाट धरी.

कत्तलखान्याची व्यवस्थाही याच सुमारास निश्चित झाली होती. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८६० नंतरच्या दशकात, शहराच्या मध्यवस्तीत चालणारी कत्तल वांद्र्यास नेण्यात आली. १८६९ साली पूर्ण झालेल्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या मंडईत मांसविक्रीसाठी वेगळी जागा राखली गेली. पुढे शंभर वर्षांनी, १९७१ साली, देवनारचा कत्तलखाना सुरू झाला. दुधाची बाजारपेठ आणि मांसाची बाजारपेठ या शहराच्या दोन निराळ्या इमारतींत नांदत होत्या. दोहोंच्या हिशेबाच्या वह्या मात्र एकमेकींस बांधलेल्या होत्या. त्या कशा, हे समजण्यासाठी थोडे अंकगणित करणे भाग आहे. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, परंतु त्यांतील तत्त्व खरे आहे.

समजा, एक म्हैस तीनशे दिवस दूध देते आणि पुढे दीडशे दिवस भाकड राहते. म्हशीच्या बाबतीत हे प्रमाण साधारणतः असेच पडते. दुधाच्या दिवसांत ती रोज सहा लिटर देते. म्हणजे एका वेतास अठराशे लिटर झाले. दुभत्या दिवसाचा खर्च तीनशे रुपये धरला, तर तीनशे दिवसांचे नव्वद हजार रुपये होतात आणि लिटरमागे पन्नास रुपये पडतात. पुष्कळ मालक येथेच थांबतात आणि पन्नासावर थोडा नफा ठेवून भाव सांगतात. परंतु भाकड दिवसांतही जनावर खातेच. कामणसारख्या गावी माळावर चरून आणि भाताचा पेंढा खाऊन त्या दिवसाचा खर्च दीडशे रुपयांवर भागला असे मानू. दीडशे दिवसांचे साडेबावीस हजार होतात आणि लिटरमागे साडेबारा रुपये वाढतात. तेव्हा दुधाचा खरा खर्च पन्नास नव्हे, साडेबासष्ट रुपये आहे. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर म्हैस दिसावयास रोज सहा लिटर देते. वस्तुतः साडेचारशे दिवसांवर पसरून पाहिले तर ती चारच लिटर देत असते.

आता तीच म्हैस शहरात बांधून पाहू. तेथे जागेचे भाडे, विकतचे गवत आणि विकतचे पाणी. भाकड दिवसाचा खर्च अडीचशेच्या खाली येत नाही. दीडशे दिवसांचे साडेसदतीस हजार झाले. इकडे ताज्या म्हशीची किंमत आणि खाटकाने भाकड म्हशीस दिलेली किंमत यांत तीस हजारांचे अंतर आहे असे समजा. तर शहरातील मालकास म्हैस खाटकास देऊन नवी आणण्यात साडेसात हजारांची बचत होते. शिवाय खुंटा एक दिवसही रिकामा राहत नाही, हा लाभ वेगळाच. कामणच्या मालकास मात्र तीच म्हैस राखण्यात साडेसात हजारांची बचत होते. जनावर तेच, दूध तेच, खाटीक तोच. फरक केवळ ते जनावर भाकड दिवसांत कोठे उभे आहे, एवढाच. एका ठिकाणी वहीतील आकडा त्यास मारतो, दुसऱ्या ठिकाणी तोच आकडा त्यास तारतो.

यावरून दुधाच्या भावात मांसाचा भाव कसा दडलेला असतो, हे स्पष्ट होईल. खाटीक जितकी अधिक किंमत देईल, तितके अंतर कमी होते आणि शहराचे दूध तितके स्वस्त पडते. तबेल्याचे दूध स्वस्त आहे म्हणून आनंदणाऱ्या शाकाहारी कुटुंबाच्या पेल्यातही कत्तलखान्याचा हिस्सा होता, ही गोष्ट त्या काळी फार थोड्यांच्या लक्षात आली.

हाच प्रश्न मांसाच्या बाजूने पाहिला, तरी पेच असाच दिसतो. अमेरिकेतील लहान शेतकरी आपल्या कुरणावर वाढविलेला बैल शेजारपाजारच्या कुटुंबांस परभारे विकतात. कोणी अर्धा घेतो, कोणी पाव. बाराशे पौंड वजनाचे जिवंत जनावर कापून, साफ करून टांगले की त्याचे वजन साधारण साडेसातशे पौंड भरते. हाडे आणि चरबी काढल्यावर घरी नेण्याजोगे मांस जेमतेम पाचशे पौंड उरते. भाव जिवंत वजनावर, टांगलेल्या वजनावर की पुडीत बांधलेल्या वजनावर, हे आधी स्पष्ट केले नाही तर गिऱ्हाइकास आपण फसलो असे वाटते आणि शेतकऱ्यास आपण बुडालो असे वाटते. शिवाय प्रत्येक गिऱ्हाइकास पाठीचे मऊ मांस हवे. मान, पाय आणि हाडे कोणी घ्यावयाची? केवळ उत्तम भागांचा भाव धरून बसणारा मालक उरलेल्या जनावराखाली दबून जातो. म्हणून अनुभवी शेतकरी सुट्या तुकड्यांपेक्षा अर्धा किंवा पाव हिस्सा विकणे पसंत करतात. तेथेही धडा हाच की, गिऱ्हाइकाने किंमत द्यावयाची ती सबंध जनावराची.

सबंध जनावराचा हा विचार आपल्याकडे एका अनपेक्षित दिशेने पुढे आला. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावास राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले, त्याच वेळी तेथे गोरक्षण परिषदही झाली आणि तिचे अध्यक्षपद गांधीजींनी स्वीकारले. पुढील वर्षी, १९२५ साली, मुंबईत अखिल भारतीय गोरक्षा मंडळ स्थापन झाले. गांधीजींचे म्हणणे असे की, गोरक्षण हे भक्तीने आणि देणग्यांनी साधावयाचे नाही, ते हिशेबाने साधावयाचे आहे. पांजरपोळांनी उत्तम दुग्धालये चालवावीत आणि त्यांच्या जोडीला आपोआप मेलेल्या जनावरांची कातडी कमावणारे चर्मालय असावे. कातडे, हाडे आणि खत यांचे मोल जनावराच्या जमेच्या बाजूस मांडले, तर त्याचे भाकड आणि वृद्ध दिवस पोसता येतील. तो काळ कातड्यास स्पर्श करणेही हीन मानण्याचा होता. त्या काळी हे सांगणे धैर्याचे होते. खाटकाशी भांडण करण्याऐवजी त्याच्यापेक्षा चांगला हिशेब मांडा, असा त्या विचाराचा इत्यर्थ होता.

दुसऱ्या महायुद्धाने हा प्रश्न सरकारच्या दारी नेला. मुंबईत लोकसंख्या वाढली, दूध आटले आणि भेसळीस ऊत आला. तेव्हा १९४५ साली मुंबई सरकारने गुजरातेतील आणंदहून आगगाडीने दूध आणण्याची योजना आखली आणि ते जमविण्याचे काम पोल्सन कंपनीकडे गेले. कंपनीस शहरात निश्चित दर मिळे; परंतु खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या हाती त्यातील किती पडावे, याचे बंधन नव्हते. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी सभा भरली आणि शेतकऱ्यांनी दूध न घालण्याचा निश्चय केला. पंधरा दिवस मुंबईस त्यांचे दूध गेले नाही. १४ डिसेंबर १९४६ रोजी त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. आज ‘अमूल’ या नावाने घरोघरी पोचलेला संघ तो हाच.

आणंदच्या यशाची कारणे पुष्कळ सांगितली जातात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एक कारण विशेष महत्त्वाचे आहे. तेथील शेतकऱ्याच्या दारी एक किंवा दोन म्हशी असत आणि त्या शेतातील कडब्यावर व पाल्यावर जगत. म्हैस भाकड झाली तरी ती त्याच खुंट्यावर राही. तिला हलविण्याचे कारण नव्हते. कामणच्या म्हशीस जो लाभ गवताने मिळाला, तोच आणंदच्या म्हशीस शेतीने दिला. दूध शहरात आणावयाचे, म्हैस गावात ठेवावयाची, हा या योजनेचा गाभा होय. हिवाळ्यात दूध उदंड आणि उन्हाळ्यात तुटवडा, हा दुसरा पेच राहिला. शहर हिवाळ्याचे जास्तीचे दूध घेईना. तो पेच १९५५ साली आणंदास दुधाची भुकटी करणारा कारखाना उघडल्यावर सुटू लागला.

मुंबईत याच प्रश्नावर दारा खुरोडी या कर्तबगार अधिकाऱ्याने दोन उपाय योजले. पहिला १९४६ सालचा: म्हशीच्या दाट दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून, स्निग्धांश कमी केलेले परंतु पोषक असे स्वस्त दूध गरिबांस देणे. ‘टोन्ड’ दूध म्हणून आजही पिशवीवर जे नाव असते, त्याचा उगम येथे आहे. दुसरा उपाय म्हणजे आरे वसाहत. १९४९ पासून उभी राहिलेली आणि १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेली ही वसाहत गोरेगावच्या डोंगराळ भागात सुमारे १,२८७ हेक्टरांवर पसरली होती. सोळा हजार म्हशींची तेथे सोय होती. म्हशी खाजगी मालकांच्या, गोठे सरकारचे आणि दूध सरकारने ठरलेल्या दराने घ्यावयाचे, अशी ही व्यवस्था होती. १९६३ साली खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन या तिघांस मिळून मॅगसेसे पारितोषिक देण्यात आले, ते यथार्थच होते.

तथापि भाकड म्हशीचा प्रश्न आरेतही पूर्णपणे सुटला नाही. गोठा स्वच्छ झाला, दूध शुद्ध झाले, परंतु खुंट्याची किंमत शहरी ती शहरीच राहिली. म्हणून पुढे मुंबईच्या म्हशी आणखी उत्तरेस, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या दापचरी येथे हलवाव्यात, असा प्रकल्प सरकारने हाती घेतला. तो अपेक्षेप्रमाणे नांदला नाही. मात्र त्यामागील तर्क योग्य होता: म्हशीस गवताकडे न्यावे, गवतास म्हशीकडे आणू नये.

कायद्याचा इतिहास याच हिशेबाशी जोडलेला आहे. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने महंमद हनीफ कुरेशी खटल्याचा निकाल दिला. गाय आणि वासरू यांच्या वधावरील पूर्ण बंदी न्यायालयाने मान्य केली. परंतु उपयुक्तता संपलेल्या बैलांवर व म्हशींवर सरसकट बंदी घालणे वाजवी नाही, असे म्हटले. कारण देताना न्यायालयाने वैरणीच्या तुटवड्याचाच विचार केला होता. २००५ साली त्याच न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने, गुजरातच्या कायद्याच्या संदर्भात, वृद्ध बैलही शेण व मूत्र यांमुळे निरुपयोगी नसतो असे म्हणून आधीची भूमिका बदलली. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या वधास बंदी आली आणि २०१५ च्या दुरुस्तीने ती वळू व बैल यांनाही लागू झाली. म्हशीचा वध मात्र अधिकाऱ्याच्या दाखल्याने आजही होऊ शकतो. तेव्हा राज्यातील मोठ्या जनावराच्या मांसाचा धंदा आता म्हशीच्या जातीवर उभा आहे.

या कायद्यांबद्दल समाजात मतभेद आहेत. कोणास हा श्रद्धेचा प्रश्न वाटतो. वसईच्या ख्रिस्ती घरांतून आणि इतरही अनेक समाजांतून कोणास तो रोजच्या अन्नाचा वाटतो. शेतकऱ्यास तो गोठ्यातील जागेचा वाटतो. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकाने एवढेच नमूद करावे की, कायद्याने एक दार बंद केले अथवा उघडले, तरी भाकड जनावराचा खर्च नाहीसा होत नाही. तो केवळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो. तो खाटकाच्या किमतीतून भरून निघतो, किंवा दुधाच्या भावातून भरून निघतो, किंवा शेतकऱ्याच्या कर्जातून. चौथी वाट म्हणजे जनावर रस्त्यावर सोडून देणे. आणि मग तो खर्च शेजाऱ्याचे उभे पीक भरते.

आता पुन्हा कामणकडे वळू. ज्या गवताने येथील म्हैस तारली, ते गवत आज आक्रसत आहे. चिंचोटी-भिवंडी रस्त्याच्या दुतर्फा कारखान्यांचे गाळे आणि गोदामे उभी राहिली आहेत. शहर डोंगराच्या पायथ्यापर्यंत येऊन ठेपले आहे. जमिनीची किंमत गवतावरून न ठरता बांधकामावरून ठरू लागली की भाकड म्हशीचा दिवस दीडशेवरून अडीचशेकडे सरकू लागतो. वर मांडलेल्या उदाहरणात तो दोनशेच्या पुढे गेला, की कामणचा हिशेब मुंबईच्या तबेल्याचा हिशेब होतो. त्यासाठी कोणी निर्दय व्हावे लागत नाही. म्हशीवर माया करणारा मालकसुद्धा त्या आकड्यापुढे हतबल होतो, आणि शंभर वर्षांपूर्वी परळ-भायखळ्याकडे जे घडले ते तुंगारेश्वराच्या पायथ्याशी घडू लागते.

अशा वेळी परभारे विक्रीचे महत्त्व वाढते. दूध असो वा मांस, मोठ्या बाजारात भाव ठरतो तो मागणी-पुरवठ्यावर. तेथे एखाद्या म्हशीच्या दीडशे दिवसांची चौकशी कोणी करीत नाही. परंतु मालक आणि गिऱ्हाईक समोरासमोर असतील, तर मालकास सांगता येते की माझ्या भावात दुभत्या दिवसांचे इतके, भाकड दिवसांचे इतके, पारडाच्या तोंडचे इतके. आणि गिऱ्हाइकास ते गोठ्यात जाऊन पडताळून पाहता येते. हा हिशेब उघडपणे मांडण्याचे धैर्य मालकाने दाखविले पाहिजे. शेजारच्या गवळ्यापेक्षा दोन रुपये कमी, या एकाच मापाने भाव लावणारा मालक पहिले वर्ष आनंदात काढतो आणि दुसऱ्या वर्षी म्हैस विकतो. गिऱ्हाइकानेही स्वस्त दुधाचा रतीब लावताना एक साधा प्रश्न विचारावा: दूध आटल्यावर तुमची म्हैस कोठे असते?

मुंबईच्या गृहस्थाने हा प्रश्न दीर्घकाळ विचारला नाही, म्हणून देशातील उत्तमोत्तम म्हशी एकेका वेतानंतर संपत गेल्या आणि त्यांची पारडे तर हिशेबातही आली नाहीत. आणंदच्या शेतकऱ्याने तो आपल्या परीने सोडविला. आरे आणि दापचरी येथे तो अर्धामुर्धा सुटला. कामणच्या माळावर अजून गवत आहे, तोवर तेथे त्याचे चांगले उत्तर देता येण्याजोगे आहे. त्यासाठी लिटरमागे जे काही रुपये अधिक पडतील, ते गवळ्याचा लोभ समजून नाक मुरडण्याऐवजी भाकड म्हशीच्या वैरणीचे समजून द्यावेत, एवढीच आपणांस विनंती आहे.